गड्याची खोली आणि विलायतेतले गडी



हरभरा निघाला, गव्हाला अजून आठ-दहा दिवस आहेत. पाडवा तोंडावर आला की आमच्या मराठवाड्यात रानातल्या कामापेक्षा बैठकाच जास्त. कुणाचा गडी राहतो, कुणाचा जातो, साल कितीला ठरलं, उचल किती दिली, दुसरं बोलणंच नाही. यंदा आमच्या आखाड्यावर आणखी एक विषय आहे. गड्याची खोली.

जुनी खोली वडिलांच्या काळातली. दहा बाय बारा, वर पत्रे, खाली सारवलेली जमीन, जोतं नावाला वीतभर. मागच्या भाद्रपदात एका रात्री नाल्याचं पाणी आत शिरलं. काका-काकूंनी (आमच्या गड्याला आणि त्यांच्या मंडळींना घरातले सगळे असंच म्हणतात) ती रात्र खताच्या पोत्यांच्या थप्पीवर बसून काढली. मी त्या रात्री गावातल्या घरात कोरडा झोपलो होतो. सकाळी गेलो तर काकू चुलीतलं पाणी वाटीनं काढत होत्या. मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तर खोली नवी बांधायची हे ठरलं. माझा भाचा इंग्लंडात शिकायला आहे, त्याला फोनवर हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यानं एका खेड्याचा फोटो पाठवला. चढाचा रस्ता, दोन्ही बाजूंना एकसारखी पांढरी घरं, डोक्यावर गवताचं जाड छप्पर, पुढं हिरवळ. खाली लिहिलेलं, ‘मामा, हीसुद्धा गड्यांचीच घरं.’ म्हटलं, असली घरं असतील तर मीच गडी म्हणून राहतो! पण मग त्या गावाबद्दल वाचायला बसलो आणि एकातून एक निघत गेलं. मागचा महिनाभर रात्री हेच वाचतोय. वाचताना सारखी आपल्याकडची आठवण येत होती, म्हणून इथं लिहून ठेवतो. जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

त्या गावाचं नाव मिल्टन ॲबस, डॉर्सेट भागातलं. आधी तिथं थोड्या अंतरावर एक जुनं बाजाराचं गाव होतं. घरं होती, शाळा होती, दुकानं होती. जोसेफ डेमर, म्हणजे लॉर्ड मिल्टन, या जमीनदाराचा वाडा त्या गावाला लागून. वाड्याच्या खिडकीतून गाव दिसतं, हे त्याला खपेना. त्यानं एकेक घर ताब्यात घेत गाव पाडत नेलं आणि १७८० च्या सुमाराला डोंगराच्या कुशीत, वाड्यातून दिसणार नाही अशा जागी, ही नवी घरं बांधली. कामात त्या काळचे मोठे लोक होते, बागांचा आखणीकार ‘कपॅबिलिटी’ ब्राऊन आणि वास्तुकार विल्यम चेंबर्स. फोटोत जे एक ऐसपैस घर दिसतं ते एक नाही, दोन आहेत. मधून भिंत, दोन बाजूंना दोन कुटुंबं. म्हणजे आज लोक ज्याचे फोटो काढायला जातात ते गाव मुळात नजरेआड केलेलं गाव आहे.

आपल्याला यातलं बांधकाम कळण्यासारखं आहे. भिंती विटांच्या नाहीत, मातीच्या. माती, गव्हाचं काड आणि पाणी एकत्र तुडवायचं, कधी माणसांनी, कधी जनावरांकडून, आणि थरावर थर रचत दीड-दोन फूट जाडीची भिंत उठवायची. एक थर सुकल्याशिवाय दुसरा नाही. आपल्या पांढऱ्या मातीच्या भिंतीची ही सख्खी बहीण. तिकडचे लोक म्हणतात, मातीच्या भिंतीला पायात चांगला जोडा आणि डोक्यावर चांगली टोपी असली की ती शंभर वर्षं मरत नाही. जोडा म्हणजे खाली दगडी जोतं, टोपी म्हणजे भिंतीच्या बाहेर चांगलं पुढं आलेलं छप्पर. आमच्या आजोबांचं माळवद असंच टिकलं. ते पडलं कधी, तर वरून पन्हाळी फुटली आणि कुणी पाहिली नाही तेव्हा.

छपराची एक गंमत कृषीवाल्यांसाठी. असं छप्पर गव्हाच्या लांब, न मोडलेल्या काडाचं लागतं. कंबाईन हार्वेस्टर आला, बुटक्या जाती आल्या आणि छपराचं काडच मिळेना. म्हणून आजही तिकडं काही शेतकरी मॅरिस विजनसारखी उंच, जुनी जात मुद्दाम लावतात आणि बाईंडरनं कापतात. दाण्यापेक्षा काडासाठी गहू! आपण काड जाळतो.

आता मूळ मुद्द्याकडं येतो. तिकडच्या जमिनीची मांडणी समजल्याशिवाय ही घरं समजत नाहीत. वर जमीनदार, त्याची हजारो एकरांची इस्टेट. त्याच्याकडून मोठाले तुकडे खंडानं घेणारा शेतकरी, म्हणजे आपल्या भाषेत कूळ, पण चांगलं दोन-तीनशे एकरवालं. आणि त्याच्या हाताखाली मजूर. मजुराचं घर बांधलेलं जमीनदाराचं, पण बरेचदा ते शेताबरोबरच शेतकऱ्याच्या हातात दिलेलं. काम आहे तोवर घर. काम सुटलं की घर सुटलं. म्हातारपण आलं, आजारपण आलं, मालकाशी दोन शब्द वाकडे झाले, तरी तेच. अशा घराला त्यांच्याकडं ‘बांधलेलं घर’ अशा अर्थाचा शब्द आहे. विटांनी बांधलेलं नव्हे, दावणीला बांधलेलं.

जमीनदारांनी अशी घरं जास्त बांधावीत असं कुणालाही वाटेल, मजूर जवळ राहतात. झालं उलटं, आणि ते एका कायद्यामुळं. १६६२ पासून तिथं नियम होता की ज्या गावात माणसाची ‘वस्ती’ सिद्ध होते त्याच गावानं तो निराधार झाल्यावर त्याला पोसायचं. त्यासाठी गावातल्या जमिनी-घरांवर कर. मग एकाच जमीनदाराच्या मालकीची जी गावं होती तिथं साधा हिशोब झाला: घरं कमी ठेवली तर गरीब कमी राहतील, गरीब कमी तर कर कमी. घर पडलं तर दुरुस्त करायचं नाही, रिकामं झालं तर पाडायचं. मजूर मग शेजारच्या ‘उघड्या’ गावात, जिथं मालक अनेक आणि लक्ष कुणाचंच नाही, तिथं दाटीवाटीनं राहायचे. तिथल्या दुकानदारानं भाड्यासाठी उठवलेली खोपटी, भाडं जास्त, आणि कामावर जायला रोज तीन-चार मैलांची पायपीट. शेतात घाम गाळायला माणूस पाहिजे, पण त्याची चूल आपल्या हद्दीत नको.

१८६४ मध्ये सरकारनं हंटर नावाच्या डॉक्टरला ही घरं बघायला पाठवलं. त्यानं ५,३७५ घरांची मोजणी दिली आहे. त्यातल्या २,१९५ घरांना झोपायला एकच खोली, २,९३० घरांना दोन आणि दोनपेक्षा जास्त खोल्या फक्त २५० घरांना. त्याच अहवालात ८२१ गावांचा हिशोब आहे: दहा वर्षांत माणसं सव्वापाच टक्क्यांच्या वर वाढली आणि घरं साडेचार टक्क्यांनी घटली. दुष्काळ नाही, युद्ध नाही, नुसत्या कराच्या हिशोबानं. १८६५ मध्ये कायदा बदलला, गरिबांचा खर्च एका गावाऐवजी गावांच्या मोठ्या गटावर टाकला, तेव्हा कुठं घरं पाडण्यातला फायदा संपला. योजना कागदावर कशी दिसते यापेक्षा तिच्यातून घर बांधणाऱ्याला फायदा होतो की पाडणाऱ्याला, हे बघावं लागतं. आपल्याकडच्या किती योजनांना हे लावून बघता येईल!

पण मला सगळ्यात जवळचं वाटलं ते उत्तरेकडचं, स्कॉटलंडच्या सीमेवरचं नॉर्थंबरलंड. तिथल्या सालगड्याला ‘हाइंड’ म्हणायचे. करार वर्षाचा. मार्चच्या आसपास बाजारात उभं राहून साल ठरायचं आणि १२ मे ला घर बदलायचं. हा त्यांचा पाडवा. त्या दिवशी रस्त्यावर गाड्याच गाड्या, त्यावर खाट, कपाट, कोंबड्या आणि वर बसवलेली म्हातारी. मजुरी बरीचशी धान्यात: ओट, बार्ली, वाटाणा, एका गाईचा चारा, बटाट्यापुरती जमीन. ज्यांच्या घरी अजून ‘साल’ धान्यासकट ठरतं त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि घर? गोठ्याजवळ एका ओळीत बांधलेली दगडी खोली, बरेचदा एकच, चोवीस बाय सोळा फुटांच्या आसपास. सीमेवरच्या नॉरम गावचे धर्मगुरू विल्यम गिली यांनी १८४० नंतर लगेच यावर एक पुस्तिका लिहून जमीनदारांना विनवणी केली. त्या एका खोलीत आई-बाप, मोठी झालेली मुलं-मुली आणि शिवाय एक परकी बाई. ती कोण? तर करारातच असायचं की गड्यानं स्वतःबरोबर एक कामकरी बाईही आणायची. घरची नसेल तर स्वतः पगार देऊन ठेवायची. तिला ‘बाँडेजर’ म्हणत. आपल्याकडं ऊसतोडीला ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. दीडशे-पावणेदोनशे वर्षं आणि सात समुद्र मध्ये, पण मुकादमाच्या वहीतला हिशोब तोच.

त्या पुस्तिकेतलं एक वाचून मी थांबलो. ही कुटुंबं घर बदलताना खिडकी बरोबर घेऊन जायची. चौकटीसकट. चुलीची लोखंडी जाळीसुद्धा. मालक फक्त चार भिंती आणि छप्पर द्यायचा; भिंतीतल्या भोकात आपली खिडकी आपण बसवायची, वर्षानं काढून घ्यायची. परवा साखर कारखान्याच्या तळावरून परतणारी एक ट्रॉली आमच्या फाट्यावर चहाला थांबली होती. त्यावर कोपीचे बांबू, ताडपत्री, एक पत्र्याची पेटी आणि सगळ्यात वर एक लाकडी दार. नुसतं दार. कोपीला कडी लावता यावी म्हणून घरून नेलेलं.

सगळेच मालक असे नव्हते. १७८१ मध्ये जॉन वुड नावाच्या वास्तुकारानं मजुरांच्या घरांच्या नकाशांचं एक पुस्तक काढलं. हा बाथ शहरात श्रीमंतांच्या हवेल्या बांधणारा माणूस. आधी त्यानं मजुरांची घरं आत शिरून पाहिली, राहणाऱ्यांना विचारलं. त्याचं म्हणणं असं की ज्याच्यासाठी घर बांधायचं त्याच्या जागी स्वतःला ठेवल्याशिवाय नकाशा जमत नाही. त्याच्या सूचना बघा. आतली जमीन बाहेरच्यापेक्षा १६ ते १८ इंच उंच. घर बांधाला किंवा टेकाडाला टेकवून नको, मोकळ्यावर पाहिजे. खोलीची उंची निदान ८ फूट. दारापुढं आडोसा. खिडक्या पूर्वेला किंवा दक्षिणेला. रुंदी १२ फुटांच्या वर नको, कारण मग छपराला लांब, महाग लाकूड लागतं. दोन घरं जोडून, म्हणजे शेजाऱ्याला दुखलं-खुपलं कळेल. आणि प्रत्येक घरामागं भाजीपुरती जमीन.

१६ ते १८ इंच. मी टेप घेऊन आमच्या जुन्या खोलीकडं गेलो. जोतं सहा इंच भरलं, आणि भाद्रपदातल्या पाण्याची रेघ भिंतीवर होती अकरा इंचांवर.

पुढं मोठ्या जमीनदारांत चांगली घरं बांधायची चढाओढच लागली. बेडफर्डच्या ड्यूकनं १८४९ मध्ये तिकडच्या शेतकी संस्थेला पत्र लिहून आपल्या इस्टेटीवरच्या घरांचे नकाशे दिले. पक्क्या विटांची, जोडीजोडीनं, वर झोपायच्या वेगळ्या खोल्या. विटांवर १७८४ पासून चालत आलेला कर १८५० मध्ये उठला तेव्हा हे काम सोपं झालं. त्या घरांच्या भिंतींवर अजून बांधल्याचं साल आणि मालकाचं ‘बी’ अक्षर आहे. पैशाच्या दृष्टीनं हा धंदा आतबट्ट्याचा होता. मजुराला आठवड्याला दहा-बारा शिलिंग मिळायचे, त्यातून तो भाडं देऊन देऊन किती देणार? १९०५ मध्ये लेचवर्थला स्वस्त घरांचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हाही आव्हान हेच होतं: १५० पौंडात मजुराला परवडेल असं घर बांधून दाखवा. घराचा खर्च मजुरीतून निघत नव्हता, आणि मजुरी वाढवण्यापेक्षा घर फुकट किंवा नाममात्र भाड्यानं देणं मालकाला सोयीचं होतं. घर दिलं की माणूस हलत नाही.

इथं जोसेफ आर्च येतो. वॉरिकशायरमधला बारफर्ड गावचा, कुंपणाच्या झुडपांची छाटणी करणारा पटाईत कामगार. ७ फेब्रुवारी १८७२ च्या संध्याकाळी वेल्सबोर्न गावात एका चेस्टनटच्या झाडाखाली तो शेतमजुरांपुढं बोलायला उभा राहिला. लोक शेकड्यांनी जमले. त्यातून शेतमजुरांची पहिली देशव्यापी संघटना उभी राहिली. मागणी होती आठवड्याला १६ शिलिंग. उत्तर म्हणून मालकांनी दोन हत्यारं काढली, कामबंदी आणि घर सोडायच्या नोटिसा. १८७४ मध्ये पूर्वेकडच्या भागात हजारो मजुरांना महिनोन् महिने कामावरून बाहेर ठेवलं, आणि संघटना मोडत आली ती तेव्हाच.

मग आर्च स्वतः कसा टिकला? त्याचं घर त्याचं होतं. पूर्वजांनी विकत घेतलेलं, छोटंसं, पण स्वतःच्या नावावरचं. त्यानं आत्मचरित्रात हे आवर्जून सांगितलं आहे. गावच्या पाद्र्याशी वाजलं, जमीनदाराशी वाजलं, तरी रात्री बाहेर काढायला कुणी येऊ शकत नव्हतं. त्याच्याइतकं बोलता येणारे आणखीही असतील तिथं. त्यांच्या डोक्यावरचं छप्पर दुसऱ्याचं होतं. हा माणूस १८८५ मध्ये खासदार झाला, नॉरफोकमधून.

या ‘बांधलेल्या घरा’ला इंग्लंडात कायद्यानं हात लागला तो थेट १९७६ मध्ये. त्या कायद्यानं शेतमजुराला काम सुटल्यावरही घरात राहायचं संरक्षण दिलं. मालकाला नव्या मजुरासाठी घर खरंच लागत असेल तर जुन्याची दुसरी सोय लावायची जबाबदारी स्थानिक शासनाकडं गेली. आर्चच्या सभेनंतर १०४ वर्षांनी. तोवर ट्रॅक्टर-कंबाईननं मजूरच उरले नव्हते. आता त्या घरांत शहरातले लोक सुट्टीला येतात.

आपल्याकडं काय? १९४८ च्या मुंबई कूळ कायद्यात एक गोष्ट आहे जी फार जणांना माहीत नसते. मालकाच्या जागेवर कुळानं स्वतःच्या खर्चानं घर बांधलेलं असेल तर त्याला तिथून उठवता येत नाही, आणि हेच संरक्षण गावातल्या शेतमजुरांच्या आणि कारागिरांच्या घरांनाही दिलंय. इंग्लंडच्या २८ वर्षं आधी. मात्र तो कायदा जुन्या मुंबई इलाख्याचा. आमच्याकडं निजामाचा मुलूख, इथं १९५० चा हैदराबादचा कायदा. आणि मुंबईच्या कायद्यातही मेख आहेच, घर त्या माणसानं स्वतः बांधलेलं पाहिजे. आखाड्यावरची खोली आपण बांधतो. ती गड्याची कधीच होत नाही. घरकुलाला अर्ज करायला गेला तर आधी विचारतात जागा कुठंय. काका बावीस वर्षं आमच्याकडं आहेत. जागा कुठंय?

घरात यावरून बोलाचाली झाली, लपवत नाही. गावठाणात आजोबांच्या पडक्या वाड्यामागं आमची एक मोकळी जागा आहे, पाचशे-सहाशे चौरस फूट. मी म्हटलं ती काकूंच्या नावावर करू, घरकुलाचा अर्ज करू, आणि आखाड्यावर कामापुरती खोली वेगळी बांधू. धाकटा भाऊ म्हणाला, ‘दादा, उद्या साल सोडून दुसऱ्याकडं गेले म्हणजे? जागाही गेली अन् गडीही गेला.’ त्याचं चूक आहे असं मला म्हणवत नाही. गडी मिळत नाही ही आज आमच्या भागातली खरी अडचण आहे. पण आपण जागा देतोय ती ते जाऊ नयेत म्हणून, की बावीस वर्षं झाली म्हणून, एवढं आधी आपसात ठरवायला पाहिजे. आईनं ठरवलं. म्हणाली, ‘पोत्यावर बसले होते ते.’ कागद ग्रामपंचायतीत दिलेत. बघू.

आखाड्यावरच्या खोलीची आखणी काल केली. काळं रान आहे, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेग पडते, म्हणून पाया मुरमापर्यंत नेतोय आणि जोत्यातही मुरूमच भरणार, काळी माती अजिबात नाही. जोतं १८ इंच. पत्र्याखाली एक हात मोकळं सोडून तट्ट्याचं छत. फक्की टाकून झाली तेव्हा काकूंना बोलावलं, जॉन वुडच्या सल्ल्याप्रमाणं. खिडकी पूर्वेला ठेवलीय म्हटलं. त्या आखणीत उभ्या राहिल्या, इकडं-तिकडं बघितलं आणि म्हणाल्या, ‘दादा, उगवतीला गोठा हाय. माश्या सगळ्या आत. खिडकी वरल्या अंगाला घ्या, अन् न्हाणी आधी बांधा. बावीस वर्षं झाली, अंधार पडायची वाट बघून आंघोळ करते मी.’

न्हाणी माझ्या नकाशात नव्हतीच. आज सकाळी फक्की पुन्हा टाकली.